वेग कोठें अडतो?

आमच्या या वार्षिकांत शिक्षकवर्गाकडून जे लेख येतात त्यांचे विषय बहुधा भारदस्त असतात. वाचनाची गोडी, वेळेचा सदुपयोग, शिस्तीचें महत्त्व अशा विषयांवर आम्हीं स्वतः याच पृष्ठांतून एकाहून अधिक वेळां लेखणी चालविली आहे, आणि विद्यार्थ्यांनीं तीं पृष्ठें न वाचतांच उलटलीं हेंही आम्हांस ठाऊक आहे. म्हणून यंदा एक अगदीं घरगुती विषय घेत आहों. घरच्या ब्रॉडबँडचा वेग वाढवून घ्यावा, दर महिन्यास पैसे अधिक मोजावे, आणि मुलाच्या लॅपटॉपवर तें चाक मात्र पूर्वीप्रमाणेंच गरगर फिरत राहावें, या अनुभवाविषयीं पालकसभेच्या दिवशीं व्हरांड्यांत जितकी चर्चा आमच्या कानीं आली, तितकी गणिताच्या गुणांविषयींही आली नाहीं.

या बाबतींत आमचें मत असें आहे कीं, अशा प्रसंगीं तक्रार करणें आणि नवी खरेदी करणें या दोन्ही गोष्टी मोजमाप होईपर्यंत थांबवाव्या. आणि हें मोजमाप कसें करावें तें मुलांस शिकविणें शाळेचें काम आहे. हें मत आम्हांस एखादा ग्रंथ वाचून सुचलेलें नाहीं. आमच्या हातून एका तरुण मनुष्यावर अन्याय झाला, त्यांतून तें सुचलें. तेव्हां आधीं तीच हकीकत सांगणें योग्य होईल.

आम्ही राहतों तो बंगला जुना आहे. हातभर जाडीच्या काळ्या दगडी भिंती, वर कौलें, आणि खोल्या एकीमागें एक अशा आगगाडीच्या डब्यांप्रमाणें मांडलेल्या. वैशाखांत त्या भिंतींचे आम्हीं फार उपकार मानले आहेत. २०२४ सालच्या जून महिन्यांत आमची कन्या दहावींत गेली. तिचा एक वर्ग संध्याकाळीं लॅपटॉपवर भरे, आणि शिकविणाऱ्या बाईंचा चेहरा मधूनमधून गोठून जाई. तेव्हां २० मेगाबिटांचा जुना करार सोडून आम्हीं २०० मेगाबिटांचा नवा घेतला. शेजाऱ्यांनीं गेल्याच महिन्यांत घेतला होता, हेंही एक कारण होतें; तें येथें लपविण्यांत अर्थ नाहीं. कंपनीच्या मनुष्यानें खांबावरून फायबरची तार ओढली, पुढच्या खोलींत राऊटरची पांढरी पेटी बसविली, आपल्या मोबाइलवर वेग मोजून १८६ हा आंकडा दाखविला, आणि आम्हीं समाधानानें सही केली. त्याच रात्रीं कन्येनें मागच्या खोलींत लॅपटॉप उघडून वेग मोजला, तों तो भरला १७! जुन्या करारांत त्या खोलींत १६ मिळत असत. म्हणजे दसपट वेग विकत घेऊन पदरांत पडला तो एक मेगाबिट.

दुसऱ्या दिवशीं तक्रार नोंदविली. तोच तरुण पुन्हां आला, पुन्हां मोबाइलवर १८० च्या वर आंकडा दाखविला आणि म्हणाला, “सर, लाईन बरोबर आहे. तुमच्या लॅपटॉपचा प्रॉब्लेम आहे.” आम्ही वर्गांत वापरतों त्याच स्वरांत त्याला म्हणालों, “मोबाइल तुमचा, पेटी तुमची, आंकडाही तुमचाच. आणि दोष तेवढा आमचा काय?” तो कांहीं बोलला नाहीं. हत्यारांची पिशवी उचलून निघून गेला. त्या संध्याकाळीं आम्हीं दुसरी तक्रार नोंदविली आणि तींत ‘कर्मचारी उद्धट आहे’ असें एक वाक्य घातलें. तो उद्धट नव्हता. त्यानें सांगितलेलें आम्हांस आवडलें नाहीं, इतकेंच.

रात्रीं जेवतांना कन्या म्हणाली, “बाबा, प्रयोग करतांना एका वेळीं एकच गोष्ट बदलायची, असें तुम्हीच वर्गांत सांगतां ना? मग आपण घरीं कांहींच न बदलतां नुसते रागावतों कां?” आमच्या घरच्या मंडळींनीं तिच्याकडे कौतुकानें पाहिलें. आम्हीं भाताकडे पाहिलें.

जेवणानंतर एका कोऱ्या उत्तरपत्रिकेच्या पाठीवर आम्हीं आंकडे मांडावयास घेतले. लॅपटॉप तोच ठेवून केवळ जागा बदलली. मागच्या खोलींतून उचलून तो पेटीपासून चार हातांवर ठेवला, तों १७ चे ३८ झाले. तेव्हां दगडी भिंतींचा वांटा किती तें कळलें. परंतु ३८ म्हणजे १८६ नव्हे. मग कन्येनें लॅपटॉपच्या सेटिंगांत जाऊन वायफायच्या माहितीचें पान उघडलें. तेथें ‘लिंक स्पीड’ म्हणून एक आंकडा असतो, तो होता ७२. हा आंकडा म्हणजे पेटी आणि लॅपटॉप या दोघांनीं हवेंतून एकमेकांशीं बोलण्याचा ठरविलेला वेग. त्याचा आणि बाहेरून येणाऱ्या तारेचा कांहीं संबंध नाहीं. शिवाय हा सगळा वेग हातीं येतो असेंही नाहीं. पाळीची वाट पाहणें, पोंच देणें, चुकलेला तुकडा पुन्हां पाठविणें, यांतच बराचसा खर्च होऊन प्रत्यक्ष माल अर्ध्याच्या आसपास पदरांत पडतो. ७२ चे ३८ कां झाले तें असें उलगडलें.

आणि ७२ च कां? तर त्या लॅपटॉपांत वायफायचें जें कार्ड आहे तें २००९ सालीं ठरलेल्या ‘एन’ पद्धतीचें, एकाच अँटेनाचें, आणि केवळ २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यांत बोलणारें आहे. त्याची सामान्य मर्यादाच ७२ ही. २०१३ सालीं पुढची ‘एसी’ पद्धत मान्य झाली, तरी स्वस्त लॅपटॉपांत जुनीं कार्डें त्यानंतरही बरींच वर्षें बसविलीं जात होतीं. आमचा लॅपटॉप त्यांतलाच. तरुणाचा मोबाइल ५ गिगाहर्ट्झवर बोलत होता. त्याचें म्हणणें अक्षरशः खरें होतें.

दुसऱ्या दिवशीं बाजारांतून साडेतीनशें रुपयांची लांब लॅनची वायर आणली आणि लॅपटॉप पेटीस थेट जोडला. आंकडा आला ९४. दहा वेळां मोजला, दहाही वेळां ९४ च्या आगेंमागें. ज्यानें हे आंकडे पुष्कळ पाहिले आहेत त्यास ९४ दिसतांच हसूं येतें, असें आम्हांस पुढें समजलें. जुन्या लॅपटॉपांचा लॅनचा पोर्ट १०० मेगाबिटांचा असतो. त्यांतून पत्ते, शिक्के वगैरे जाऊन माल ९४ च्या आसपासच येतो. येणेंप्रमाणें कागदावर चार आंकडे झाले: दारापर्यंत १८६, वायरनें ९४, हवेंतून जवळ ३८, हवेंतून भिंतींपलीकडे १७. चार आंकडे आणि चार निरनिराळे अडसर. त्यांतील पहिला तेवढा कंपनीचा होता, आणि तो मुळांत अडसरच नव्हता.

आमच्या शेतकरी पालकांस ही गोष्ट समजावून सांगावी लागणार नाहीं. विहिरीवर मोठा पंप बसविला, पाट रुंद केला, परंतु शेवटच्या वाफ्याकडे जाणारा दांड वीतभरच राहिला, तर पाणी त्या वितीइतकेंच पोंचणार. जुन्या करारांत पाटच २० चा होता. तेव्हां दांड अरुंद आहे हें कोणास दिसण्याचें कारणच नव्हतें. पाट २०० चा झाल्यावर दांड उघडा पडला. दोष नव्यानें उत्पन्न झाला नाहीं. तो पहिल्यापासून तेथेंच होता. ‘काल ठीक होतें, आज कंपनीनें कांहीं तरी बिघडविलें’ असें जें मनांत येतें तें यामुळें बहुतेक वेळां फसवें असतें.

आतां त्या हवेविषयीं थोडें. हा भाग आमच्या आवडीचा असल्यामुळें वाचकांनीं किंचित् धीर धरावा. आठवी-नववीचे विद्यार्थी प्रकाशाच्या वेगास वारंवारितेनें भागून पाहूं शकतील: २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साडेबारा सेंटीमीटर, म्हणजे जवळजवळ आपल्या वितीच्या दोनतृतीयांश. ५ गिगाहर्ट्झची त्याच्या निम्म्याहून कमी. सामान्यतः लांब लहर भिंतींतून बरी पार होते, आंखूड लहर लवकर थकते. म्हणून ५ गिगाहर्ट्झ हा पट्टा एका खोलींत वाऱ्यासारखा धांवतो आणि दोन दगडी भिंतींपलीकडे त्याचा पत्ताही लागत नाहीं. उलट २.४ चा पट्टा दूरवर पोंचतो, पण तो अतिशय गर्दीचा. त्याची सारी रुंदी ८३.५ मेगाहर्ट्झ. त्यांत एकमेकांवर न चढणारे मार्ग केवळ तीन, ज्यांना १, ६ आणि ११ हे क्रमांक आहेत. त्याच पट्ट्यांत ब्लूटूथचे कर्णे, बिनतारी माऊस, आणि स्वयंपाकघरांतील मायक्रोवेव्ह भट्टी! ही भट्टी २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपास चालते, आणि तिचें दार कितीही घट्ट असलें तरी थोडीशी गळती जवळच्या वायफायला त्रास देण्यास पुरेशी होते. ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यांत जागा पुष्कळ. भारत सरकारनें २०१८ च्या ऑक्टोबरांत त्यांतील ६०५ मेगाहर्ट्झ इतका प्रदेश परवान्यावांचून वापरण्यास खुला केला. तेव्हां ज्यांच्या यंत्रांस हा पट्टा बोलतां येतो त्यांनीं पेटीच्याच खोलींत बसून २.४ वर अडून राहणें म्हणजे रिकामा हमरस्ता सोडून बाजाराच्या बोळांतून बैलगाडी काढणें होय. कित्येक पेट्या दोन्ही पट्ट्यांस एकच नांव देतात, आणि लॅपटॉप आपल्या मर्जीनें बोळ पसंत करतो. दोन नांवें निराळीं ठेवलीं म्हणजे निवड आपल्या हातीं येते.

दुसरी एक गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. एका मार्गावर एका वेळीं एकानेंच बोलावयाचें, हा वायफायचा नियम आहे. वर्गांतही तोच नियम असतो, फरक इतकाच कीं वायफायचीं यंत्रें तो पाळतात. समजा वर्गांत उतारा वाचावयास एकेक मुलगा उभा केला. चाळीस मुलें भरभर वाचणारीं आहेत, पण एक अक्षर अक्षर जुळवून वाचतो. तास कोणामुळें संपतो? घरांतील एखादा जुना टॅबलेट, दूरच्या खोलींतला एखादा कॅमेरा, असाच सावकाश वाचत असतो, आणि तो वाचीत असेपर्यंत नव्या लॅपटॉपलाही गप्प बसावें लागतें. म्हणून वेग मोजतांना बाकीचीं यंत्रें थोडा वेळ बंद करून पाहावीं. लोखंडी कपाट, मोठा आरसा, पत्र्याचें पार्टिशन यांच्या आड पेटी ठेवूं नये. आम्हीं एका घरीं ती शोभेसाठीं लोखंडी कपाटाच्या आंत ठेवलेली पाहिली आहे, दार लावून. बॅटरी वांचविण्याच्या सेटिंगानें वायफायचें कार्ड अर्धवट झोंपतें, तेंही पाहावें. पडद्यामागें अपडेट उतरत असेल, अगर मोबाइलवरचे लग्नाचे फोटो कोठें तरी चढत असतील, तर तेंही.

आमच्या या चार आंकड्यांची कथा शिक्षकांच्या खोलींत पसरली आणि लोक आमच्याकडे आपापलीं गाऱ्हाणीं आणूं लागले. त्यांतील तीन सांगतों.

एका विद्यार्थ्याची आई रुग्णालयांत परिचारिका आहे. रात्रपाळी करून ती मुलाच्या बारावीचा खर्च भागविते. ती म्हणाली, “सर, लॅपटॉप जुना झाला म्हणतात. नवा चाळीस हजारांना पडतो, हप्त्यानें घेऊं का?” तिनें १०० मेगाबिटांचा करार घेतला होता, आणि लॅपटॉपवर २१-२२ येत. आम्हीं विचारलें, “मोबाइलवर किती येतात?” मोबाइलवरही तितकेच. हें उत्तर ऐकतांच लॅपटॉप निर्दोष ठरला; कारण दोन वेगळीं यंत्रें एकाच आंकड्यावर अडत असतील तर अडसर दोघांच्या सामाईक वाटेवर असला पाहिजे. तिच्या मुलानें लिंक स्पीड पाहिला: दोन्हींवर ५४. हा आंकडा २००३ सालच्या ‘जी’ पद्धतीचा. पेटी तर त्यानंतरची होती. मग ती वीस वर्षांपूर्वीची भाषा कां बोलत होती? पेटीच्या आंतील पान उघडलें (त्याचा पत्ता पेटीच्या खालच्या चिठ्ठीवर छापलेला असतो), तेव्हां उमगलें. ती विकत घेतली तेव्हां कोणीं तरी सुरक्षेच्या ठिकाणीं ‘टीकेआयपी’ हा जुना प्रकार निवडून ठेवला होता. हा प्रकार चालू असला कीं ‘एन’ पद्धतीचे वरचे वेग बंद राहतात, असा त्या पद्धतीचा नियमच आहे. शिवाय तें कुलूप आतां भरंवशाचेंही मानलें जात नाहीं. तेथें डब्ल्यूपीए-२ आणि ‘एईएस’ निवडलें. इमारतींत ज्याच्या त्याच्या घरीं पेटी असल्यामुळें ६ क्रमांकाच्या मार्गावर भाऊगर्दी होती, म्हणून ११ घेतला. वेग साठाच्या वर गेला. खर्च कांहीं नाहीं. वेळ लागला तो पाऊण तास, आणि त्यांतली वीस मिनिटें पासवर्ड आठवण्यांत गेलीं. एक सूचना मात्र येथें द्यावीशी वाटते: पेटींतील कांहींही बदलण्यापूर्वीं त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. परत फिरण्याची वाट ज्यानें ठेवली नाहीं, त्याच्यावर मग खरोखरच कंपनीस बोलावण्याची पाळी येते.

दुसरें गाऱ्हाणें आठवींतील एका मुलाचें. “सर, २०० घेतले आणि फाइल उतरतांना २५ च दिसतात.” त्याला आम्हीं फळ्याशीं बोलावून २०० ला ८ नें भागावयास सांगितलें. करार मेगाबिटांत लिहितात, उतरणारी फाइल मेगाबाइटांत मोजतात, आणि एका बाइटांत आठ बिट असतात. त्याच्या घरीं सर्व कांहीं उत्तम चाललें होतें; केवळ पितापुत्रांची दोन दिवस चिंता फुकट गेली.

तिसऱ्यांत मात्र दोष कंपनीच्या बाजूचा निघाला, आणि तें सांगणें न्यायाचें आहे. नववींतील एका विद्यार्थ्याच्या घरीं ३०० चा करार. लॅपटॉप नवा, वायरनें जोडलेला, तरी आंकडा ९४. नवीन लॅपटॉपाचा पोर्ट १००० मेगाबिटांचा असतां ९४ यावे याचा अर्थ काय? या वायरींत आठ तारा असतात. १०० मेगाबिटांस चारच पुरतात, १००० साठीं आठही लागतात. त्या मुलानें दुसरी वायर लावून पाहिली, तों आंकडा २८० च्या वर गेला. कंपनीनें दिलेल्या वायरीच्या टोंकाशीं दोन तारा नीट बसल्याच नव्हत्या. म्हणून दोन्ही यंत्रें आपसांत समजूत करून १०० वर उतरलीं होतीं, आणि कोठेंही तांबडा दिवा लागला नव्हता. त्यानें दोन्ही आंकडे लिहून तक्रार केली. एकाच फेरींत वायर बदलून मिळाली. आमच्या दोन तक्रारींत मिळून आंकडा एकच होता, आणि विशेषणें पांच.

कांहीं पालक यावर म्हणतात, “आम्ही पैसे मोजतों, मग हें सगळें आम्हीं कां शिकावें? पंखा फिरत नसेल तर आम्ही विजेचें शास्त्र शिकतों काय?” या आक्षेपांत तथ्य आहे आणि आम्ही तो झटकून टाकूं इच्छीत नाहीं. खरोखर, विक्रीच्या वेळीं ‘२०० पर्यंत’ असें म्हणतात तेव्हां त्या ‘पर्यंत’ या शब्दावर कोणी बोट ठेवून सांगत नाहीं. ती पेटीपर्यंतची गोष्ट असते. आमचें म्हणणें असें कीं, करार विकतांना ‘आपण कोणतें यंत्र वापरतां, कोणत्या खोलींत बसतां’ हे दोन प्रश्न विचारणें आणि जोडणी झाल्यावर गिऱ्हाइकाच्या यंत्रावर, गिऱ्हाइकाच्या खोलींत एकदां वेग मोजून तो पावतीवर लिहिणें, हें विकणाऱ्यांवर बंधनकारक असावें. फार तर दहा मिनिटांचें काम आहे. मात्र ही अपेक्षा कंपनीकडून करावी, दारीं आलेल्या मनुष्याकडून नव्हे; त्याला पुढच्या घरीं जाण्याची घाई असते आणि ती घाई त्यानें स्वतः ठरविलेली नसते.

पंख्याचें म्हणाल, तर पंखा फिरत नसला कीं आपण आधीं बटण पाहतों, मग दिवे आहेत कीं नाहींत तें पाहतों, मग शेजाऱ्यांकडे वीज आहे का विचारतों. हीं तीन मापेंच होत. कोणीं शिकविलीं तें आठवतही नाहीं. नेटच्या बाबतींत तीं अजून अंगवळणीं पडलेलीं नाहींत, कारण ही वस्तु घरांत येऊन फार काळ झालेला नाहीं. सर्वसाधारण जनतेस भारतांत इंटरनेट खुलें झालें तें १९९५ सालच्या १५ ऑगस्टला. २००४ च्या सरकारी धोरणांत २५६ किलोबिट वेगास ब्रॉडबँड म्हणत. २०१३ सालीं ती रेषा ५१२ वर नेली, आणि २०२३ सालीं २ मेगाबिटांवर. ज्या १७ मेगाबिटांसाठीं आम्हीं आकाशपाताळ एक केलें, ते या रेषेच्या साडेआठपट होतात.

म्हणूनच शाळेचा प्रश्न येतो. संगणकाच्या तासाला आपण काय शिकवितों? ‘वायफायचें पूर्ण रूप लिहा’ असा प्रश्न घालतों आणि मुलें ‘वायरलेस फिडेलिटी’ असें उत्तर पाठ करून येतात. वस्तुतः तें १९९९ सालीं ठेवलेलें एक व्यापारी नांव. तें कशाचेंही संक्षिप्त रूप म्हणून बनविलेलें नव्हतें. चुकीचें उत्तर पाठ करविण्यापेक्षां मुलांस घरीं चार आंकडे मोजून आणावयास सांगावें असें आम्हांस वाटतें: पेटीजवळ, आपल्या जागीं, वायरनें, आणि दुसऱ्या यंत्रावर. सकाळीं एकदां, रात्रीं एकदां. मग त्या आंकड्यांवरून अडसर कोठें आहे तें वर्गानें ओळखावें. यांत भौतिकशास्त्र येतें, गुणोत्तर येतें, आणि निबंधही येतो, कारण तक्रारीचें पत्र लिहावें लागतें. ज्या घरीं लॅपटॉप नाहीं अशा मुलांनीं शाळेंतल्या प्रयोगशाळेंत मोजावें; तेथील पेटी कोपऱ्यांत लोखंडी रॅकच्या मागें आहे, आणि ती तेथें कोणीं ठेवली याची चौकशी केल्यास ती आमच्यावरच येईल.

एक कबुली राहिली. सर्व मोजून झाल्यावर कन्येनें विचारलें, “बाबा, वर्गाला लागतात किती?” आम्हीं पाहिलें. पडद्यावर शिकविणाऱ्या बाई नीट दिसाव्या आणि ऐकूं याव्या यासाठीं दोनचार मेगाबिट पुरतात. उत्तम चित्राचा सिनेमा पाहावयाचा तरी पांचाच्या आसपास. म्हणजे १६ सुद्धां भरपूर होते. मग बाईंचा चेहरा गोठत कां होता? तर वेग कमी म्हणून नव्हे, भिंतींपलीकडे लहरी क्षीण होऊन तुकडे पुन्हां पुन्हां पाठवावे लागत म्हणून. सरासरी वेग चांगला दिसे आणि मध्येंच अर्धा सेकंद खंड पडे. साडेतीनशें रुपयांची ती वायर भिंतीच्या कडेनें मागच्या खोलींत नेल्याबरोबर तें गोठणें थांबलें. जुन्या २० च्या करारांत नेली असती तरी थांबलें असतें. महिन्याचे वाढीव पैसे आम्हीं शेजाऱ्यांच्या बरोबरीसाठीं देत होतों, असा याचा अर्थ होतो. करार आम्हीं सहामाही संपतांच खालचा घेतला.

आणि तो तरुण? पहिल्याच आठवड्यांत आम्हीं कंपनीच्या क्रमांकावर फोन केला. यंत्रानें विचारलें, तक्रार सुटली असल्यास १ दाबा, सुटली नसल्यास २ दाबा. ‘तक्रार मुळांतच चुकीची होती, आणि तो शब्द मागें घ्यावयाचा आहे’ यासाठीं कोणताही आंकडा नव्हता. आम्हीं १ दाबला. मग जोडणीच्या पावतीवरून त्याचा नंबर काढून त्याला घरीं चहास बोलावलें. तो आला, दाराशींच उभा राहिला, आणि बसण्यापूर्वीं त्यानें आधीं विचारलें, “सर, परत स्लो झालं काय?”